नागरिकत्वाचा पुरावा कोणी द्यावा?

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. शाळेत प्रवेशाची गडबड चालू होती. वस्तीतील एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या आणि 'जय भीम, गुरुजी' म्हणून समोर बसल्या. त्यांच्या घराने आदल्या वर्षीच धम्मचक्र प्रवर्तन दिनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घरातील माणसांनी जुनी नावे टाकून नवी घेतली होती. बाईंनी पिशवीतून कागदांचे पुडके काढले. एका कागदावर नवऱ्याचे नाव 'दगडू', दुसऱ्यावर 'दगडुजी', रेशनकार्डावर आणखी तिसरेच. मुलीच्या जन्माचा दाखला मात्र त्यात नव्हता. मुलीचे नाव मी लिहून घेतले. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, तेव्हा त्यात अडचण नव्हती. उठता उठता बाईंनी विचारले, "गुरुजी, आम्ही नाव बदललं, धर्म बदलला. उद्या कुणी आलं आन् म्हणालं, तुम्ही इथलेच कशावरून? तर काय दाखवायचं?"

मी हसून म्हणालो, "ताई, आधार कार्ड आहे ना? मग झालं तर!"

वाचक हो, हे उत्तर चुकीचे होते. पदवी घेतलेला, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेला मी माणूस, आणि ज्यांनी विश्वासाने विचारले त्यांना मी अज्ञानाने उत्तर दिले. रात्री मनाला टोचणी लागली म्हणून कायदा काढून वाचला. नंतर जाणत्या वकील मित्रांशीही बोललो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधार कायदा २०१६ सालचा. त्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. आधार एवढेच सांगतो की हे बोटाचे ठसे आणि हे डोळे याच माणसाचे आहेत. परदेशातून येऊन येथे काही काळ राहिलेल्या माणसालाही आधार मिळू शकतो. रेशनकार्ड म्हणते, हे कुटुंब येथे जेवते. पॅनकार्डावरून आयकर खात्याकडे तुमचा हिशेब आहे एवढेच कळते. प्रत्येक कागद आपापले एकच वाक्य बोलतो. आपण मात्र त्याच्या तोंडी दुसरे वाक्य घालतो आणि मग न्यायालयात तो गप्प बसला की आश्चर्य करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामिनाच्या प्रकरणात हेच सांगितले: आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असले एवढ्यावरून माणूस भारताचा नागरिक ठरत नाही. त्यापूर्वी २०२० च्या फेब्रुवारीत गुवाहाटी उच्च न्यायालयाने एका स्त्रीच्या प्रकरणात जमीन महसुलाच्या पावत्या, बँकेचे पासबुक आणि पॅनकार्ड हे नागरिकत्वाचे पुरावे मानले नव्हते.

मतदार यादीचे थोडे वेगळे आहे. संविधानाच्या ३२६ व्या कलमाप्रमाणे मत देण्याचा अधिकार नागरिकालाच आहे. म्हणून यादीत नाव आले याचा अर्थ कोणा अधिकाऱ्याने एकदा तरी तुम्हाला नागरिक मानले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याचे नाव नुसत्या संशयाने खोडता येणार नाही. जुन्या नोंदीला वजन दिले पाहिजे आणि त्या माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तरीही हा शेवटचा शब्द नव्हे. २०२५ साली बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. तेथे कोणते कागद चालतील यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने आधार हे बारावे कागदपत्र म्हणून घ्यावे असा आदेश दिला, पण ओळखीपुरते. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे.

मग नागरिकत्वाचा कागद कोणता? येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. परदेशी माणूस अर्ज करून भारताचा नागरिक झाला तर त्याला सरकार नोंदणीचे किंवा देशीयकरणाचे प्रमाणपत्र देते. त्याच्यापाशी 'हा भारताचा नागरिक आहे' असे लिहिलेला कागद असतो. आणि जो येथेच जन्मला, ज्याचे बापजादे याच मातीत राबून मेले, त्याला असा दाखला कोणी कधी दिलेलाच नसतो. त्याने तो मागितलाही नाही, कारण मागायची गरज आहे हेच त्याला कोणी सांगितले नाही.

हे असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १० ऑगस्ट १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत नागरिकत्वाची कलमे मांडली. एक दुसरे कलम सोडले तर मसुदा समितीला याच्याइतकी डोकेदुखी कोणत्याही कलमाने दिली नाही, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. फाळणीने लक्षावधी माणसे इकडची तिकडे झालेली. अशा वेळी कायमचा कायदा करण्याच्या भानगडीत न पडता संविधान सुरू होईल त्या दिवशी नागरिक कोण, एवढेच ठरवावे आणि पुढचे संसदेवर सोपवावे, असा मार्ग त्यांनी काढला. पाचव्या कलमाची भाषा पाहा. ज्याचे कायमचे घर भारताच्या हद्दीत आहे आणि जो येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एकजण येथे जन्मला, किंवा जो आधीची निदान पाच वर्षे येथे राहत आला आहे, तो नागरिक. त्यात अर्ज नाही, फी नाही, तलाठ्याचा शिक्काही नाही. जात विचारलेली नाही, धर्मही विचारलेला नाही.

माझे पणजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. लिहिता वाचता येत नव्हते. संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आले, आणि संविधान सुरू झाले त्या दिवशी हा येसकरकीची काठी धरणारा माणूस त्याच कलमाने भारताचा नागरिक झाला. बहुधा त्यांना ते कळलेही नसेल. ज्याला पाटलाच्या ओट्यावर चढू देत नव्हते तो माणूस त्या दिवशी पाटलाच्या बरोबरीचा नागरिक झाला आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे भाकरी मागायला गेला. मला हे आठवले की नागरिकत्व म्हणजे काय याचा अर्थ नीट कळतो. ते एका सत्य घटनेतून येते. कागद ती घटना फक्त सांगतो. कागद नसला म्हणून घटना घडली नाही असे होत नाही.

परंतु कायदा पुढे बदलत गेला, आणि हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे आज स्थिती अशी आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक. आईबाप कोण हे विचारायचे कारण नाही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याला मात्र आई किंवा बाप यांपैकी एक नागरिक असला पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याचे दोन्ही आईबाप नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. परदेशी वकिलातींतील माणसांची मुले वगैरे अपवाद आहेत, ते आपल्याला नकोत.

मी स्वतः १९८९ चा. म्हणजे केवळ येथे जन्मलो हे सांगून माझे भागत नाही, आई किंवा वडील नागरिक होते हेही दाखवावे लागेल. आणि त्या बाईंच्या मुलीचे? तिला आई आणि बाप दोघांचे दाखवावे लागेल. आईबापांच्या कागदाची चूक मुलीच्या गळ्यात येते. बाप एका कागदावर 'दगडू', दुसऱ्यावर दुसराच, आणि दीक्षेनंतर तिसरा. ही तिन्ही नावे एकाच माणसाची हे आता त्या सहा वर्षांच्या पोरीने सिद्ध करायचे.

आता 'सिद्ध करणे' म्हणजे काय? १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण ही व्याख्या जुनीच राहिली आहे. तिचा आशय असा की समोर आलेल्या गोष्टी पाहून न्यायालयाला ती घटना खरी वाटली, किंवा शहाण्या माणसाने ती खरी धरून वागावे इतकी ती संभवनीय वाटली, तर ती सिद्ध झाली. म्हणजे शंभर टक्के खात्री कायदा मागत नाही. कागदच हवा असेही म्हणत नाही. नात्याबद्दल घरातल्या, आता हयात नसलेल्या वडीलधाऱ्याने वाद निघण्यापूर्वी जे सांगून ठेवले तेही पुरावा म्हणून पुढे करता येते. तीस वर्षांचा जुना कागद योग्य जागेतून, योग्य माणसाच्या ताब्यातून निघाला तर त्यावरील सही खरी मानण्याची मुभा न्यायालयाला आहे. पुराव्याचा कायदा गरिबाला वाटतो तितका निष्ठुर नाही. निष्ठुरपणा बहुतेक वेळा खिडकीपलीकडे बसलेल्या माणसात असतो.

आणि कागद म्हणजे तरी काय? मी कागद तयार करणाऱ्यांपैकीच एक आहे, म्हणून सांगतो. आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. जुन्या पानांवर शंभरातील कितीतरी मुलांचा जन्म १ जूनचा. माझाही १ जूनचा. एका गावातील निम्मी मुले एकाच दिवशी कशी जन्मली असतील? गुरुजींनी अंदाजाने सहा वर्षे मोजून शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. घरात तारीख कोणाला ठाऊक नव्हती आणि रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, त्यावरून नोकरी, त्यावरून निवृत्ती. १९८८ साली एका निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारखेला, ती कोणी आणि कशावरून सांगितली हे पुढे आल्याशिवाय फारसे मोल नाही. हा निर्णय वाचून मला प्रथम राग आला, मग पटला. मी लिहिलेल्या ओळीमागे कोण उभे आहे? एखादी आजी, जिने 'पोळ्याच्या आधी झाला' एवढे सांगितले होते. खरा पुरावा ती आजी. रजिस्टर तिचे म्हणणे जपून ठेवते, एवढेच.

येथे इतिहासाची आठवण येते. आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांकडे गावकीची कामे होती. दोन गावांच्या शिवेचा वाद निघाला तर महाराला बोलावीत. शीव कोठून जाते हे त्याच्या तोंडून ऐकत आणि ते प्रमाण मानीत. गावाची जमीन कोठे संपते हे ज्याच्या शब्दाने ठरे त्याला गावात घर मात्र शिवेबाहेर. पुढे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी निघाल्या. कोतवालकी पुष्कळ गावांत आपल्याच माणसांकडे होती. कोणाच्या घरी मूल झाले, कोण मेले याची वर्दी तो देई, आणि लिहून घेणारा दुसराच असे. साऱ्या गावाच्या जन्माचा साक्षीदार आपला माणूस. त्याच्या स्वतःच्या घरच्या नोंदीत मात्र कधी नाव नाही, कधी बापाचे नाव नाही, नुसती जात. आज जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसिलात जाऊन त्याच कोतवाल बुकाची नक्कल मागतो. माझ्या आजोबांच्या जन्माची नक्कल मिळाली तेव्हा तिच्यात मुलाचे नावच नव्हते. 'महार, मुलगा' एवढेच. मी ती घडी घालून ठेवली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुरावा कोणी द्यावा?

साधा नियम असा की जो एखादी गोष्ट आहे म्हणतो त्याने ती सिद्ध करावी. 'तू चोर आहेस' म्हणणाऱ्याने चोरी दाखवावी. परकीयांच्या बाबतीत मात्र उलट. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात, म्हणजे इंग्रजी अमदानीतच, असे कलम घातले गेले की कोणी परका आहे की नाही हा प्रश्न निघाला तर आपण परके नाही हे त्यानेच सिद्ध करावे. आसामपुरता १९८३ साली वेगळा कायदा झाला, त्यात तक्रार करणाऱ्यावर ओझे होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९४६ चा कायदाही आता गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, पण पुराव्याचे ओझे नव्या कायद्यातही त्याच माणसाच्या खांद्यावर आहे.

या नियमाच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे, ते टाळून चालणार नाही. न्यायालये म्हणतात की कोण कोठे जन्मला, त्याचे आईबाप कोण, हे त्यालाच खास ठाऊक असते. सरकारला कसे कळणार? वरवर हे पटते. पण थोडे थांबून विचार करा. तुमच्या जन्माबद्दल तुम्हाला स्वतःला काय ठाऊक आहे? तुम्ही तेथे होता खरे, पण पाहिले काय? जगातील इतर अनेक गोष्टी माणूस डोळ्यांनी पाहतो. स्वतःचा जन्म मात्र त्याला दुसऱ्याने सांगितल्यावाचून कळत नाही. दिङ्नागाने आणि त्याच्यामागून धर्मकीर्तीने ज्ञानाची दोनच साधने मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. दुसऱ्याच्या शब्दाला त्यांनी वेगळे स्थान दिले नाही. सांगणारा भरवशाचा आहे की नाही यावरून अनुमान करावे म्हणाले. स्वतःच्या जन्माचे प्रत्यक्ष कोणालाच नाही. उरते अनुमान, तेही आईच्या, सुईणीच्या, शेजारणीच्या शब्दावरून. तेव्हा ज्याला 'खास माहिती' म्हणतात ती खरे पाहता माणसाची खास अडचण आहे. ज्याच्या घरी दवाखाना, दाखला, पंचांग होते त्याची अडचण कागदाने झाकली जाते. ज्याच्या घरी यातले काही नव्हते त्याची उघडी पडते. नियम सर्वांना सारखा दिसतो, ओझे सारखे नसते.

आसामात हे मोठ्या प्रमाणावर झाले. तेथे २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वीचा आपला किंवा पूर्वजाचा कागद दाखवायचा आणि त्या पूर्वजाशी आपले नाते जोडून दाखवायचे, असे नागरिक नोंदणीचे स्वरूप होते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शेवटची यादी लागली. ३,११,२१,००४ माणसे आत आली आणि १९,०६,६५७ बाहेर राहिली. सर्वांत जास्त अडले ते लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांचे. शाळा नाही, जमीन नावावर नाही, मतदार यादीत नाव चढले ते नवऱ्याच्या बायको म्हणून. बापाशी नाते जोडणारा कागद आणायचा कोठून? अशा लाखो स्त्रियांसाठी ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला हाच दुवा होता. २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो पडताळणी करून घ्यावा असे सांगितले म्हणून निभावले. आपल्या घरातील सुना-लेकी डोळ्यांपुढे आणा आणि त्यांच्या माहेरचा कोणता कागद त्यांच्याजवळ आहे ते मोजा.

२०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने एका आसामी माणसाच्या प्रकरणात महत्त्वाचे सांगितले. पुराव्याचे ओझे माणसावर आहे हे खरे, पण आधी सरकारपाशी संशयाला काहीतरी आधार हवा. वाटेल त्या दारावर जाऊन 'तू परका, आता सिद्ध कर' असे म्हणता येणार नाही. आणि नावाच्या स्पेलिंगमधील किंवा तारखेतील किरकोळ फरकावरून कोणाला परका ठरवू नये. न्यायालयाने त्याला भारतीय नागरिक ठरवले, पण तो माणूस निकालापूर्वीच मरण पावला होता.

कोणी म्हणेल, जातीच्या दाखल्यातही ओझे आपल्यावरच असते, ते आपण मान्य करतोच ना? बरोबर आहे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जातप्रमाणपत्राच्या कायद्यात आठवे कलम तसेच आहे. पडताळणी समितीपुढे ज्यांनी खेटे घातले त्यांना ते ठाऊक आहे. ते मी अन्यायाचे म्हणणार नाही, कारण खोटे दाखले काढून आपल्या मुलांच्या जागा पळवणारे आम्ही पाहिले आहेत. पण तेथे माणूस सवलत मागायला जातो. दाखला मिळाला नाही तर सवलत जाते. हानी मोठी, पण माणूस माणूसच राहतो. नागरिकत्व गेले तर मत, घर, दाद मागायची जागा, सगळेच धोक्यात येते. जितके अधिक हिरावून घ्यायचे तितकी हिरावणाऱ्याची जबाबदारी अधिक, असे मला वाटते. कायदा आज तसे म्हणत नाही हेही मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनंतर आपल्यातील काही माणसे निर्धास्तपणे म्हणू लागली, 'यादीत बौद्धांचे नाव आहे, आपल्याला काय भीती?' ही समजूत चुकीची आहे. ती दुरुस्ती अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. मराठवाड्यातल्या बौद्धाला तिचा उपयोग करायचा तर 'मी पाकिस्तानातून आलो' असे सांगावे लागेल! खोटे बोलून नागरिक होण्याची वेळ खऱ्या नागरिकावर का यावी? आणि दुसरे असे की आपले नाव यादीत असले तरी, ज्या शेजाऱ्याचे नाव तीत नाही त्याच्याविषयी आपल्याला काही वाटायला नको काय? पाचव्या कलमात धर्माचा रकाना नव्हता. ती कलमे सभेपुढे मांडणारा माणूस कोण होता हे मी वर लिहिलेच आहे.

आता कामाचे बोलतो. दीक्षा घेतल्यानंतर पुष्कळ घरांत उत्साहाने जुन्या गोष्टी बाहेर काढतात. देव विसर्जन करा. पण जुने कागद टाकू नका. त्यावर टाकून दिलेले नाव आहे, टाकून दिलेली जात आहे, ती पाहिली की मनाला लाज वाटते, हे मी समजू शकतो. माझ्या एका नातलगाने बापाचा जुना दाखला चुलीत घातला, 'हा माझा बाप नव्हे' म्हणून. पुढे मुलाच्या प्रवेशाच्या वेळी तो धाय मोकलून रडला. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात, आणि त्या तारखेला आपले पूर्वज बौद्ध झालेले नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही केंद्राच्या सवलती मिळू लागल्या, तरी जुन्या जातीचा धागा कागदावर दाखवावाच लागतो. जुना कागद जपणे म्हणजे जुनी जात मानणे नव्हे. ज्या अपमानातून बाहेर आलो त्याची ती पावती आहे.

नाव बदलले असेल तर ते शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, म्हणजे जुने आणि नवे नाव एकाच माणसाचे हे दाखवणारा कागद मिळेल. पुढे सर्व कागदांवर नवे नाव एकसारखे लिहा, आडनावासह. शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या नोंदीतील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, वेळ लागतो, पण शाळा सोडल्यावर फार कठीण जाते. जन्माची नोंद तर ताबडतोब करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, मतदार यादी, वाहनाचा परवाना, नोकरी अशा अनेक कामांसाठी जन्माचा दाखलाच दाखवावा लागणार आहे. आणि घरात जी म्हातारी माणसे आहेत त्यांना बसवून विचारा: तुमचा बाप कोण, आजा कोण, कोणत्या गावची, कोणाच्या वाड्यात राबत होती, लग्न कोणत्या सालच्या दुष्काळात झाले. वहीत लिहा, तारीख घाला, अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ती वही उद्या न्यायालयात किती टिकेल हे न्यायालय ठरवील, पण म्हातारी गेल्यावर विचारायला कोणी उरणार नाही.

त्या बाईंकडे मी चार दिवसांनी गेलो. म्हटले, "ताई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." त्या चुलीपुढे होत्या. मी आधाराचे, जन्माच्या दाखल्याचे सारे सांगितले. मुलगी कोठे झाली हे विचारले तर म्हणाल्या, कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर, कोपीत. दवाखाना नव्हता. टोळीतल्याच एका मावशीने सोडवले. तारीख? "पट्टा पडायला आठ दिवस होते, गुरुजी. दुसऱ्या दिवशी मी मोळ्या बांधल्या."

जन्म जेथे झाला तेथेच नोंद व्हायची, आणि वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे तिकडे जाणे आले. पुरावा काय, तर ती मावशी आणि त्या हंगामाची मुकादमाची वही. हजेरीच्या त्या वहीत बाईंचा एक दिवस खाडा असणार. तो खाडा कोणत्या तारखेचा आहे ते पाहायला येत्या रविवारी आम्ही मुकादमाकडे जाणार आहोत. मावशीही येते म्हणाली आहे.